माझ्या वाटचं आमेन

ज्या रविवारी मी चर्चमध्ये मंडळीसमोर उभी राहून देवाने काय दिलं याची साक्ष दिली, त्यानंतर बरोबर तेविसाव्या दिवशी माझा धाकटा भाऊ गेला.

साक्ष अशी होती. आईची किडनी भावाला चालणार होती. रक्तगट जुळला होता, बाकीच्या तपासण्या पार पडल्या होत्या आणि शेवटच्या क्रॉसमॅचचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. ज्याला यातलं माहीत नाही त्याला निगेटिव्ह म्हटलं की धस्स होतं. पण या तपासणीत निगेटिव्ह म्हणजे भावाच्या रक्तात आईच्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिद्रव्यं सापडली नाहीत, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. सव्वा वर्ष आम्ही या एका ओळीसाठी गुडघे टेकत होतो. तो कागद हातात धरून मी सांगितलं की देव शब्दाला जागतो. लोक रडले, मीही रडले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. मग भावाला छातीत संसर्ग झाला, तारीख पुढे ढकलली गेली, आणि आता उतार पडतोय असं वाटत असतानाच एका पहाटे त्याचं हृदय थांबलं.

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या हातात फिस्टुला करतात. मनगटाजवळ किंवा दंडात धमनी आणि शीर एकमेकांना जोडतात, म्हणजे शीर जाड होते आणि सुया घेण्याजोगी बनते. तिथे बोट ठेवलं की आत एक बारीक थरथर लागते. ती रोज तपासायची असते. थरथर आहे म्हणजे रस्ता उघडा आहे. भावाच्या डाव्या मनगटावर मी रोज रात्री दोन बोटं ठेवायचे, आणि कधीपासून कोण जाणे, माझी रात्रीची प्रार्थना त्या दोन बोटांवरच बसली होती. बोटांना थरथर लागली की तोंडून आपोआप 'धन्यवाद, प्रभू' निघायचं. तो गेल्यावर कित्येक रात्री झोपेत माझी बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपत असायची.

मला कुठली शंका आली हे नीट सांगायला हवं. देव आहे की नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही. तो असण्याबद्दल माझ्या मनात किंतु नव्हता, आणि म्हणूनच सगळं जास्त जड होतं. तो आहे, त्याने ऐकलं, त्याने जुळणी दिली. मग तारखेच्या तोंडावर हात का काढून घेतला? द्यायचंच नव्हतं तर तो रिपोर्ट तरी कशाला दाखवला? माणूस असं वागला असता तर आपण त्याला दगाबाज म्हटलं असतं. हा शब्द माझ्या मनात देवाबद्दल आला, आणि मी तो कुणालाही सांगितला नाही.

सांत्वनाला आलेल्यांबद्दल मी कडू बोलणार नाही. बहुतेकांनी प्रेमानेच केलं. पण दोन वाक्यं मला फार लागली, आणि ती कुणी कुणाला म्हणू नयेत असं आजही माझं ठाम मत आहे. एक, 'कुठेतरी आपला विश्वास कमी पडला असेल.' दुसरं, 'देव तुमची परीक्षा बघतोय.' पहिल्याने मी स्वतःच्या प्रार्थनांचा हिशेब मांडत बसले, कुठल्या दिवशी मी पेंगले, कुठल्या दिवशी उरकून टाकलं. दुसऱ्याने तर माझ्या भावाच्या जीवालाच माझ्या प्रश्नपत्रिकेतली एक ओळ करून टाकलं.

मंडळीत मध्यस्थीची प्रार्थना मी चालवायचे. आजारी, बेकार, घर मोडलेले, सगळ्यांची नावं माझ्याकडे यायची. भावाला पुरल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा उभी राहिले. यादी हातात होती. पहिलं नाव वाचलं, 'हे प्रभू' म्हटलं, आणि पुढे काहीच आलं नाही. रडूही आलं नाही. घसा कोरडा, डोकं रिकामं. किती वेळ गेला माहीत नाही, आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी पुढची प्रार्थना त्यांच्या जागेवरून उचलली. मी यादी घडी करून बाकावर ठेवली आणि त्यानंतर जवळजवळ सात महिने मी मोठ्याने प्रार्थना केली नाही.

त्या सात महिन्यांत काय झालं हे क्रमाने सांगता येणार नाही, कारण ते क्रमाने झालंच नाही. आठवडे नुसते निघून जायचे.

पहिली गोष्ट म्हणजे मी पाळकसाहेबांना तो शब्द सांगितला. दगाबाज. मला वाटलं होतं ते दचकतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे त्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, "त्याच्याशीच तर बोलणं होत नाही." तर म्हणाले, "मग स्वतःचे शब्द शोधू नकोस. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाच. मान्य असो वा नसो. फक्त वगळू नकोस, जे येईल ते वाच." एवढंच. सहानुभूतीचं भाषण नाही, वचनांची मात्रा नाही.

बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं, दिवसाला एक, म्हणजे पाच महिने. मी लहानपणापासून स्तोत्रं ऐकत आले, पण आपण ती वेचून वाचतो. मेंढपाळाचं वाचतो, डोंगरांकडे डोळे लावण्याचं वाचतो. ओळीने वाचायला बसलं की कळतं, जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाणी आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओवींत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. बाविसावं तर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस' इथूनच सुरू होतं, आणि हेच शब्द येशूने वधस्तंभावर उच्चारले. हे मला पाठ होतं. पण मोठ्याने वाचताना पहिल्यांदाच जाणवलं की ज्याने सोडलं असं वाटतंय त्यालाच तो 'माझ्या देवा' म्हणतोय, तेही दोनदा. तक्रार पाठ फिरवून केलेली नाही, तोंडावर केली आहे.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर मी अडकले. हेमान एज्राहीच्या नावावर असलेलं हे स्तोत्र. गाऱ्हाण्याची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, 'तरीही मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी म्हणतात. हे घेत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार या अर्थाचा आहे. तो आला आणि स्तोत्र संपलं. मी पान उलटून पाहिलं, पुढे काही ओळी राहिल्यात का म्हणून. नव्हत्या. मी तिथेच फरशीवर बसले, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडले. कुणीतरी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कधीतरी, हे देवाला म्हटलं होतं. लोकांनी ते फाडून टाकलं नाही, उपासनेत गायलं, जपून ठेवलं. म्हणजे माझ्यासारखीला या पुस्तकात बसायला जागा होती, आणि ती जागा सुधारल्यानंतर मिळणारी नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे मावशी. नात्याच्या नाहीत, मंडळीतल्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. उपासनेला त्या माझ्या बाकावर येऊन बसू लागल्या. काही विचारायच्या नाहीत. प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणायचे आणि माझे ओठ मिटलेले असायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी हे त्यांच्या लक्षात आलं. त्या कानाशी वाकून म्हणाल्या, "येत नाही ना? नको म्हणू. खोटं कशाला म्हणायचं. तुझ्या वाटचं मी म्हणते." आणि पुढच्या प्रार्थनेला त्यांनी खरंच दोनदा आमेन म्हटलं. एकदा नेहमीसारखं, आणि मग माझा हात दाबून पुन्हा एकदा, हळू. तेव्हापासून दर रविवारी तसंच. आजूबाजूच्यांना वाटलं असेल म्हाताऱ्या बाईला भान राहत नाही.

मी त्यावर फार विचार केला नाही, निदान तेव्हा नाही. विचार करायला लावलं ते बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायाने. इस्राएल लोकांची अमालेकांशी लढाई चालू आहे, यहोशवा खाली मैदानात लढतोय आणि त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात उंचावून. हात वर असले की इस्राएल वरचढ, हात खाली आले की अमालेक. मोशेचे हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याच्याखाली एक धोंडा सरकवतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला उभा राहून हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. पाळकसाहेबांनी एका अभ्यासात सांगितलं की इथे 'स्थिर' यासाठी हिब्रूत 'एमुना' हा शब्द आहे. हाच शब्द पुढे देवाच्या विश्वासूपणासाठी येतो. आणि 'आमेन' हा शब्दही त्याच धातूतून निघाला आहे. पक्कं असणं, ढळू न देणं, भार पेलणं, असा त्या धातूचा रोख.

मी त्या संध्याकाळी वहीत काहीच लिहून घेतलं नाही. नुसती मोशेच्या हातांकडे पाहत राहिले. ते स्थिर होते असं शास्त्र म्हणतं. पण त्याच्या स्नायूंत तर जोर उरला नव्हता! दुसऱ्यांनी धरले म्हणून ते स्थिर राहिले, आणि तरी शास्त्र ते त्याचेच हात म्हणतं. मी इतके दिवस विश्वास म्हणजे आपल्या आतून यायचा जोर समजत होते. तो आटला म्हणून स्वतःला बाद ठरवून बसले होते. आणि माझ्या शेजारी एक म्हातारी बाई आठवड्यामागून आठवडा माझ्या वाटचं आमेन म्हणत होती.

इथून सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. याच सुमाराला मी सगळ्यात जास्त चिडलेली होते. आई गप्प झाली होती. आपली किडनी आपल्याच अंगात राहिली, याचं ओझं ती वागवत होती आणि तिला ते बोलता येत नव्हतं. ते बघून माझा संताप पुन्हा उसळायचा. अशा एका रात्री मी देवाशी बोलले, सात महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने. बोलले म्हणजे भांडले. रिपोर्टचं विचारलं. आईचं विचारलं. उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही, आणि कुणी मला 'आता समजलं असेल ना, का झालं ते' असं विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. पण भांडून झाल्यावर दिवा मालवताना लक्षात आलं की मी भिंतीशी बोलल्यासारखं बोलले नव्हते. समोर कुणी ऐकतंय, असं धरूनच बोलले होते.

स्तोत्रांची पहिली फेरी संपली तेव्हा भावाची वही मी उघडली. डायलिसिसची वही. आठवड्याला तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, शेरा असे रकाने. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठतं, म्हणून आधी आणि नंतर वजन करतात. किती पाणी काढलं ते त्यावरून कळतं. सव्वा वर्षाच्या 190च्या वर ओळी होत्या. ती वही माझीच असं मी मनात धरून चालले होते, कारण माझ्या आठवणीत भावाला मीच नेत होते, मीच बसत होते, मीच लिहीत होते.

वही वेगळंच सांगत होती. माझं हस्ताक्षर निम्म्याहून कमी ओळींत होतं. आईचं होतं. माझ्या नोकरीच्या दिवसांत शेजारचे काका त्याला न्यायचे, त्यांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं. भावाच्या मित्राचं होतं. पाळकसाहेबांचं होतं, ते इतक्या वेळा गेले होते हे मला माहीतही नव्हतं. आणि काही ओळींत थरथरते, मोठे मोठे आकडे होते, रकान्याच्या बाहेर गेलेले. ते कुणाचे हे ओळखायला मला दोन दिवस लागले. मावशींचे. त्या वयात त्या चार-चार तास त्या खुर्चीशेजारी बसल्या होत्या आणि मला कधी बोलल्या नव्हत्या. मी मोजली, एकूण नऊ हस्ताक्षरं निघाली. भावाचं स्वतःचं एकच होतं, एका शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने: 'आज ताई खुर्चीत झोपली. बरं झालं.'

सत्त्याहत्तरावं स्तोत्र मला त्या वहीनंतर कळलं. आसाफाचं आहे. त्याचा जीव समाधान पावायला तयार नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, देव आठवला की तो कण्हतो. मग तो ओळीने सहा प्रश्न विचारतो. प्रभू कायमचा टाकून देईल का? त्याची दया संपली का? त्याचं वचन बाद झालं का? माझेच प्रश्न, जवळजवळ माझ्याच शब्दांत. त्यांची उत्तरं स्तोत्रात नाहीत. आसाफ फक्त ठरवतो की मी आठवीन, आणि मग देवाने आपल्या लोकांना तांबड्या समुद्रातून पार नेलं ती जुनी गोष्ट आठवतो. शेवटाशी येऊन म्हणतो की तुझी वाट समुद्रातून होती, पण तुझी पावलं कुणाला दिसली नाहीत. आणि त्याच्या पुढची, अगदी शेवटची ओळ अशी, की तू आपल्या लोकांना कळपासारखं नेलंस, मोशे आणि अहरोन यांच्या हाताने.

पावलं दिसली नाहीत. हात दिसले. मी वही पुन्हा उघडली आणि ते रकान्याबाहेर गेलेले आकडे बराच वेळ बघत बसले.

माझ्या त्या साक्षीचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लक होता. ती मला खुपत होती. भर मंडळीत मी देवाच्या नावाने जे बोलले ते खोटं होतं का? बऱ्याच दिवसांनी मी स्वतःशी असं ठरवलं की खोटं नव्हतं, पण मी देवाचं विश्वासूपण एका कागदावर ठेवलं होतं, आणि कागद हलला तशी मी हलले. बायबलमधल्या विलापगीताच्या पुस्तकाने इथे माझी समजूत घातली. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलने यरुशलेम जाळलं, त्यानंतरचं हे रडणं आहे. पाच अध्याय. 'त्याची करुणा रोज सकाळी नवी होते' ही ओळ आपण भिंतीवर लावतो, ती तिसऱ्या अध्यायात आहे, म्हणजे बरोबर मधोमध. तिच्या आधी राख आहे आणि तिच्या नंतरही राखच आहे. पुस्तक संपतं तेही 'तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का' अशाच सुरात. शहर परत बांधलं गेल्यावर लिहिलेली ती ओळ नाही. कुठलाही रिपोर्ट हातात नसताना लिहिलेली आहे. मी माझी साक्ष आज द्यायची झाली तर तिथून देईन.

येशूचा शिष्य थोमा, त्याच्याबद्दलही थोडं बोलायचं आहे, कारण त्याला आपण उगाच 'संशयी' म्हणून हिणवतो. योहानाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात तो म्हणतो की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय येशू मेलेल्यांतून उठला यावर मी विश्वास ठेवणारच नाही. त्यानंतर आठ दिवसांनी येशू येतो. हे आठ दिवस मी पूर्वी कधी वाचले नव्हते. आठ दिवस थोमा त्याच लोकांत राहिला, ज्यांनी प्रभूला पाहिलं होतं आणि ज्यांच्या आनंदात त्याला वाटा घेता येत नव्हता. तो उठून गेला नाही आणि बाकीच्यांनी त्याला दारही दाखवलं नाही. येशू आला तेव्हा तो त्या घरात होता. माझे आठ दिवस सात महिन्यांचे झाले, आणि मी त्या बाकावर बसून राहिले यात माझं श्रेय फारसं नाही. कुणीतरी शेजारी येऊन बसत होतं.

माझं स्वतःचं आमेन परत आलं त्याला काही मोठा प्रसंग नव्हता. एका उपासनेत लहान मुलासाठी प्रार्थना चालली होती, ताप उतरत नव्हता म्हणून. प्रार्थना संपली आणि मावशींच्या पहिल्या आमेनबरोबर माझंही निघालं, घोगरं. त्यांनी सवयीने माझा हात दाबला, दुसरं आमेन म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्याकडे बघितलंही नाही. हात मात्र तसाच धरून ठेवला.

मध्यस्थीची यादी आता पुन्हा माझ्याकडे आहे. आधीपेक्षा मी कमी बोलते. 'प्रभू, तू नक्की बरं करशील' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि ते म्हणावं असं मला वाटतही नाही. मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. दोन्ही एकाच श्वासात. येशू त्याला 'आधी नीट विश्वास ठेवून ये' म्हणत नाही. त्याच्या मुलाला बरं करतो. मी बहुतेक वेळा त्या बापाच्या शेजारी उभं राहून प्रार्थना करते. डायलिसिसवर असलेला कुणी असला तर घरी जाते, फिस्टुलावर बोटं ठेवून बघू का म्हणून विचारते. थरथर लागली की अजूनही 'धन्यवाद, प्रभू' निघतं, आणि अजूनही पाठोपाठ घशात काहीतरी अडकतं.

आई मधे एकदा माझ्याबरोबर स्तोत्र वाचायला बसली. एकशे छत्तिसावं होतं, सव्वीस ओव्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. पहिला भाग मी वाचायचा आणि हा शेवट तिने म्हणायचा, असं ठरलं. दहाव्या ओवीच्या आसपास ती थांबली. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग तिच्या वाटचं मी म्हटलं. पंधराव्याला तिने पुन्हा सूर धरला, विसाव्याला पुन्हा सोडला. असं करत करत आम्ही सव्वीस पूर्ण केल्या.

स्तोत्रांची माझी चौथी फेरी चालू आहे. एकशे एकोणिसावं मोठं आहे, ते तीन दिवसांत करते, बाकी रोज एक, न वगळता. आई आता बहुतेक दिवशी येऊन बसते. उद्या अठ्ठ्याऐंशीवं आहे. ते कसं संपतं हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. मावशींना मात्र सकाळी लवकर यायला सांगून ठेवलंय.